ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान द्यायचे आहे? आधी दार ओळखा, मग तारीख मोजा

निकाल लागतो, गुलाल उधळला जातो आणि पडलेल्या पॅनेलमध्ये दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणते, "हे कोर्टात टिकणार नाही." पुढचे दोन आठवडे तहसीलदारांना निवेदन देण्यात, राज्य निवडणूक आयोगाला पत्र पाठवण्यात, उपोषणाचा इशारा देण्यात जातात. मग कोणीतरी वकिलाकडे जाते. वकील निकालाची तारीख विचारतो, बोटांवर दिवस मोजतो आणि गप्प होतो.

निवडणुकीच्या कायद्यात अन्याय झाला एवढे पुरत नाही. तो योग्य दारात, योग्य मुदतीत, योग्य शब्दांत मांडावा लागतो. मतदान करण्याचा, उभे राहण्याचा किंवा निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो कायद्याने आखलेल्या चौकटीतच वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ज्योती बसू प्रकरणात स्पष्ट सांगितले. म्हणून इतर दिवाणी दाव्यांत चालून जाणारा उशीर किंवा मोघमपणा इथे चालत नाही. हा लेख महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीपुरता आहे, कारण सर्वाधिक वाद तिथे होतात आणि सर्वांत कमी माहितीही तिथेच पोहोचते.

पहिली पायरी : आपला वाद कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

संविधानाचा अनुच्छेद २४३-ओ सांगतो की पंचायतीच्या निवडणुकीला फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हान देता येईल, आणि ती कोणाकडे, कशी करायची ते राज्याचा कायदा ठरवेल. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. त्यातले कलम १५ ही याचिकेची वाट आहे. कलम १५-अ सांगते की कलम १५ मध्ये नेमून दिलेल्या न्यायाधीशाखेरीज इतर कोणत्याही न्यायालयाने हा वाद ऐकायचा नाही. त्यामुळे निवडणूक रद्द करून मागणारा साधा दिवाणी दावा टाकला तर तो उभाच राहत नाही.

पण गावात ज्याला सरसकट 'निवडणुकीची केस' म्हणतात, त्यात निदान तीन वेगळे वाद असतात.

मतदान, मतमोजणी, लाच, दबाव, चुकीचा निकाल असा वाद असेल तर तो कलम १५ खाली दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे जातो. त्या क्षेत्रात ते नसतील तर वरिष्ठ स्तराकडे. सरपंच थेट मतदारांतून निवडून आला असेल तर त्या निवडीचा वादही याच वाटेने न्यायचा.

उपसरपंचाची निवड सदस्यांच्या सभेत होते. त्या सभेत नोटीस नीट दिली नाही, मतदान चुकीच्या पद्धतीने घेतले, अशी तक्रार असेल तर कलम ३३(५) लागते आणि वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मुदत १५ दिवस. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांकडे अपील, तेही १५ दिवसांत.

तिसरा वाद पात्रतेचा. निवडून आलेला माणूस मुळात उभा राहायलाच अपात्र होता, किंवा नंतर अपात्र ठरला. ही अपात्रतेची यादी कलम १४ मध्ये आहे आणि कलम १६ खाली तिचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. या तिसऱ्या दाराबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण ज्यांची कलम १५ ची १५ दिवसांची मुदत हुकली आहे त्यांच्यातल्या अनेकांना ते उघडे असते आणि कोणी सांगितलेले नसते.

शहरी संस्थांचे कायदे वेगळे आहेत. तिथे याचिकेची मुदत बहुतेक ठिकाणी १० दिवसांचीच आहे. विधानसभेची याचिका थेट उच्च न्यायालयात, निकालापासून ४५ दिवसांत. ग्रामपंचायतीचे गणित तिकडे लावू नका.

दुसरी पायरी : मतदानाआधीच्या चुका मतदानाआधीच पकडा

१९५२ मध्ये पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न होता तो फेटाळलेल्या नामनिर्देशनपत्राचा. उमेदवाराचे म्हणणे होते, मला आत्ता न्याय द्या, निवडणूक होऊन गेल्यावर काय उपयोग? न्यायालयाने सांगितले की 'निवडणूक' म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, आणि ती सुरू झाली की मध्येच थांबवता येणार नाही. तक्रार असेल ती शेवटी याचिकेत मांडा. सत्तर वर्षांहून अधिक काळ हेच सूत्र चालत आले आहे.

म्हणून प्रभागरचना, आरक्षणाची सोडत आणि मतदार यादी या तीन गोष्टींची लढाई निवडणूक कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी लढायची असते. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकतींसाठी दिवस ठरलेले असतात, त्या दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायालये वेळेत आलेल्या माणसाचे ऐकतात. गोव्यातील नगरपालिकांच्या प्रकरणात मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या आरक्षणातील चुकीवर उच्च न्यायालयाने केलेला हस्तक्षेप कायम ठेवला आणि न्यायालयांनी केव्हा मध्ये पडावे, केव्हा पडू नये, याची मांडणीच करून दिली. त्याच महिन्यात आपल्याकडच्या इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या प्रकरणात तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोगाची पाहणी, तिच्यावरून आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा) लागू झाली. दोन्ही प्रकरणांतला प्रश्न आरक्षणाच्या आराखड्याचा होता. मतदान झाल्यावर कलम १५ च्या अर्जात 'सोडतच चुकीची होती' असे लिहून काही हाती लागत नाही.

मतदार यादीचेही तसेच. शेजारच्या गावातली चाळीस नावे आपल्या प्रभागात घुसली आहेत, हे प्रारूप यादीवर बोट ठेवून सांगा. अंतिम यादीत नाव असलेल्या माणसाने दिलेले मत नंतर 'तो इथे राहतच नाही' म्हणून बाद करून घेणे जवळजवळ अशक्य असते.

छाननीच्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेवून बसायला हवे. प्रतिस्पर्ध्याच्या अर्जावर आक्षेप असेल तर तोंडी बोलू नका. दोन ओळींचा का होईना, लेखी आक्षेप द्या, सोबत कागद जोडा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्यावर कारणांसह लेखी निर्णय द्यावा असा आग्रह धरा. शपथपत्रात रकाना कोरा असेल तर तो भरून घ्यायला अधिकाऱ्याने सांगितले पाहिजे आणि तरीही कोरा राहिला तर अर्ज फेटाळता येतो, असे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. नगरपरिषदेत छाननीच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात अपील आहे. ग्रामपंचायतीत तशी सोय नाही, त्यामुळे छाननीच्या टेबलावर दिलेला तो लेखी आक्षेपच पुढे आपला पहिला पुरावा असतो.

तिसरी पायरी : मतमोजणीच्या टेबलावर काय करायचे

मोजणी प्रतिनिधी म्हणून उत्साही कार्यकर्ता पाठवू नका, आकडे लिहून घेणारा माणूस पाठवा. केंद्रनिहाय, यंत्रनिहाय, उमेदवारनिहाय आकडे त्याच्या वहीत हवेत. मतदान संपताना केंद्राध्यक्षाने नोंदवलेली एकूण मतांची संख्या आणि मोजणीत यंत्राने दाखवलेली संख्या जुळते का ते तिथेच पाहायचे. फरक दिसला तर निकाल घोषित होण्याआधी फेरमोजणीचा लेखी अर्ज द्यायचा. अर्ज नाकारला तर नाकारल्याचे लेखी मागायचे.

हे का, ते हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या बुआना लाखू गावाने दाखवून दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर, क्रमांक ६९ वर, दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि निकाल उलटा लागला. हरलेल्या उमेदवाराने याचिका केली. निवडणूक न्यायाधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये त्या केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला, जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रे दिल्लीला मागवून आपल्याच निबंधकांकडून सगळ्या केंद्रांची मोजणी करून घेतली. याचिकाकर्त्याला १,०५१ मते निघाली, सरपंच म्हणून बसलेल्या उमेदवाराला १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल बदलला. एका केंद्राचे नाव आणि दोन आकडे नेमके सांगता आले म्हणून ही लढाई टिकली. पण पाच वर्षांच्या मुदतीतली जवळपास तीन वर्षे तोवर गेली होती.

असे यश विरळ आहे. 'घोळ झाला असावा, म्हणून सगळी मते पुन्हा मोजा' ही मागणी न्यायालये सहसा फेटाळतात, कारण मतदानाची गुप्तता केवळ संशयावर मोडायची नाही हे तत्त्व १९६० च्या दशकापासून पक्के आहे. कोणत्या केंद्रावर, किती मतांचा, कोणत्या कागदावरून दिसणारा फरक, हे अर्जात आणि प्राथमिक पुराव्यात आले तरच फेरमोजणीचा विचार होतो.

चौथी पायरी : तारीख

कलम १५ खालचा अर्ज निकाल घोषित झाल्यापासून १५ दिवसांत. निवडणूक लढवलेला कोणीही किंवा त्या निवडणुकीत मतदान करायला पात्र असलेला कोणीही अर्ज करू शकतो. मुदत कशी मोजायची याचे नियम आहेत, पण तुम्ही निकालाचा दिवस पहिला धरा आणि बाराव्या दिवशी अर्ज दाखल झालेला असेल असे पाहा. शेवटच्या दिवशी सुट्टी, न्यायाधीश रजेवर, कार्यालयाने काढलेली त्रुटी, असे काहीही होऊ शकते. निवडणूक याचिकांना उशीर माफ करून घेण्याची नेहमीची सोय लागू होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने लोकप्रतिनिधित्व कायद्याखालच्या याचिकांबाबत १९७४ पासून घेतली आहे. ग्रामपंचायतीच्या अर्जातही उशीर माफ होईल असे धरून चालू नका. आजारपण, वकील न मिळणे, तहसीलदारांच्या उत्तराची वाट पाहणे यातले काहीच उपयोगी पडत नाही.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत प्रमाणित नकलांचा अर्ज द्या: निकालपत्रक, मतमोजणीचे तक्ते, विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र आणि शपथपत्र, छाननीचा आदेश, तुमचा आक्षेप. माहितीच्या अधिकारात मागवले तर उत्तराची मुदतच ३० दिवसांची आहे, तोवर दार बंद झालेले असेल. नकला हाती आल्या नाहीत तरी अर्ज अडवून ठेवू नका. नक्कल मागितल्याची पोच जोडा आणि मूळ कागद न्यायालयाने मागवावेत अशी विनंती करा.

पाचवी पायरी : अर्ज लिहिताना

गावातल्या पुष्कळ याचिका इथे मरतात. 'विरुद्ध पक्षाने पैसे वाटले, मतदारांना दमदाटी केली' या वाक्यावर न्यायालय काहीही करू शकत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे, किती रक्कम दिली, उमेदवाराची त्याला संमती होती हे कशावरून, हे सगळे अर्जातच हवे. महत्त्वाच्या घटना मूळ अर्जात नसतील तर १५ दिवसांनंतर दुरुस्ती म्हणून त्या घुसवता येत नाहीत. भ्रष्ट आचरणाचा आरोप न्यायालये फौजदारी आरोपाइतक्या कडक कसोटीवर तपासतात, कारण तो सिद्ध झाला तर कलम १५(५) प्रमाणे उमेदवार त्या निवडणुकीला आणि तिच्या जागी होणाऱ्या नव्या निवडणुकीलाही अपात्र ठरतो. म्हणून सात आरोप ठोकण्यापेक्षा पुराव्यानिशी दोनच मांडा. एक खोटा आरोप उघडा पडला की साक्षीदाराच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

पक्षकार करताना त्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना सामील करा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना करायचे की नाही, हे आरोपाच्या स्वरूपावर वकिलाने ठरवावे.

मागणी काय करायची यावरही थांबून विचार करा. विजयी उमेदवाराची निवड रद्द झाली म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा आपोआप विजयी, असा समज सर्रास आहे. मोजणीचा वाद असेल तर न्यायाधीश वैध मते मोजून सर्वाधिक मते मिळालेल्याला निवडून आल्याचे जाहीर करू शकतात. मते समान निघाली तर चिठ्ठी. पण विजयी उमेदवार अपात्र निघाला आणि रिंगणात तीन-चार जण होते, तर त्याची मते कोणाकडे गेली असती हे कोणी सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कर्नाटकातील खंड्रे प्रकरणात याच कारणाने दुसऱ्या क्रमांकाला विजयी घोषित करायला नकार दिला. अशा वेळी फेरनिवडणूक मागणेच योग्य.

मोबाइलवरचे व्हिडिओ आता प्रत्येक प्रकरणात असतात, आणि इथे जालन्याचे उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता की खोतकरांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची वेळ टळल्यावर घेतले गेले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्याचे चित्रीकरण. चित्रीकरणाची प्रत पुराव्यात घेण्यासाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा मागूनही मिळाले नव्हते. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अपील फेटाळताना नियम पक्का केला: मूळ उपकरण न्यायालयात आणले नाही, तर प्रतीसोबत कायद्यातले प्रमाणपत्र हवेच, आणि ते देणारा टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. तेव्हा हे जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. ज्याने चित्रीकरण केले त्याचा फोन जपून ठेवा, तो विकू देऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीवर विसंबू नका.

सहावी पायरी : जिल्हाधिकाऱ्यांचे दार

कलम १६ चे शब्द रुंद आहेत. सदस्य निवडणुकीच्या वेळी अपात्र होता किंवा नंतर झाला, दोन्ही गोष्टी त्यात येतात. अर्ज कोणीही करू शकतो, आणि इथे १५ दिवसांचे बंधन नाही. म्हणून मुदत हुकली असेल तर आधी पाहा की तक्रार कलम १४ मध्ये बसते का.

सर्वाधिक अर्ज अतिक्रमणावर होतात. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. प्रश्न यायचा तो असा की अतिक्रमण सासऱ्यांनी केलेले, सून सदस्य. मग ती अपात्र कशी? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याचा अर्थ मूळ अतिक्रमण करणाऱ्यापुरता घेतला होता. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ बाजूला सारला: अतिक्रमित जागेत राहणारा, ती वापरत राहणारा सदस्यही अपात्र. त्यामुळे आज अर्जदाराला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, जागा सरकारी आहे आणि सदस्य तिचा वापर करतो. यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (मालमत्तेच्या कर आकारणीचा) उतारा हे कणा असतात. नुसता पंचनामा आणि फोटो यांवर विसंबू नका.

मात्र या दाराचा गैरवापरही होतो आणि त्याचा फटका बायकांना जास्त बसतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अशाच अतिक्रमणाच्या तक्रारीवरून काढले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर परत बसवले आणि आरोप नीट न पडताळता, यांत्रिकपणे अपात्र ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वृत्तीवर कठोर शब्दांत नापसंती नोंदवली. स्त्री सरपंच झाली हेच काहींना सहन झालेले नाही, हे न्यायालयाने मोकळेपणाने लिहिले. तुमच्याविरुद्ध असा अर्ज आला असेल तर सुनावणीला गैरहजर राहू नका, मोजणीची मागणी लेखी करा आणि वेगळे राहत असाल तर शिधापत्रिका, वीजबिल, घरपट्टी यांवरून ते दाखवा.

थकबाकीच्या कलमात लोक एक शब्द विसरतात: मागणी. कर थकला एवढ्याने कोणी अपात्र होत नाही. मागणी बिल रीतसर बजावले गेले आणि त्यानंतर तीन महिन्यांत भरणा झाला नाही, हे सिद्ध व्हावे लागते. बजावणीची सही असलेली प्रत नसेल तर अर्ज पडतो. ग्रामसेवकाचा 'थकबाकी आहे' असा दाखला पुरेसा नाही.

दोन अपत्यांच्या अटीत १२ सप्टेंबर २००१ ही तारीख आहे. त्यानंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली तर अपात्रता. जन्मनोंद आणि शाळेचा दाखला यावर ही प्रकरणे सरळ सुटतात. राखीव जागेवरच्या सदस्याने जात वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत दिले नाही तर त्याची निवड आपोआप संपते; ही अट बंधनकारक असल्याचे उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्यावा लागतो, हरलेल्यांनीही. तो न दिल्यास कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, पण 'पर्यंत' या शब्दाला अर्थ आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लक्ष्मीबाई प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट पूर्ण पाच वर्षांची शिक्षा प्रमाणाबाहेर ठरवली.

सातवी पायरी : निर्णय लागल्यावर

कलम १५ खालच्या न्यायाधीशाचा निर्णय अंतिम मानला आहे, म्हणजे जिल्हा न्यायालयात अपील नाही. त्यावर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करता येते. तिथे पुरावा पुन्हा नव्याने तपासला जात नाही; कायद्याची ढोबळ चूक, अधिकारक्षेत्राची चूक किंवा पुराव्याकडे पूर्ण दुर्लक्ष दाखवावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अपात्रतेच्या आदेशावर आधी आयुक्तांकडे १५ दिवसांत अपील आणि मग उच्च न्यायालय. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरबरोबर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांची मुंबईची फेरी वाचली आहे.

निर्णय तुमच्या बाजूने लागला तर त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज द्या आणि उच्च न्यायालयाच्या संबंधित पीठात कॅव्हेट (आपले ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करा, नाहीतर समोरचा तुमच्या गैरहजेरीत स्थगिती घेऊन येईल. नक्कल मिळताच तिची एकेक प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा, गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक यांना पोच घेऊन द्या. हे केले नाही तर मासिक सभेची नोटीस जुन्याच सदस्याच्या नावाने निघत राहते, तो ठरावांवर मतदान करत राहतो, आणि त्या ठरावांवरून पुन्हा नवा वाद उभा राहतो.